गवळण फळीवरच आहे

आधी एवढं ऐका, बाकीचं मग. गवळण फळीवरच आहे. हात तुटलेली, कपाळावर कुंकू असलेली, तुमची ती इंग्लंडची गवळण. तिच्या शेजारी कान गेलेला कुत्रा आहे, त्याच्या शेजारी बिनटोपीचा खलाशी आणि टोकाला मेंढीचं कोकरू कडेवर घेतलेली ती पोरगी. एकही कुठं गेलेलं नाही. तुमच्या मोठ्या भावानं पोतं आणलं होतं, ते रिकामंच परत गेलं. कसं गेलं ते सांगते.

तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. लोक येतात, चटईवर बसतात, पाणी पितात आणि म्हणतात, लई चांगला माणूस होता. मी मान हलवते. चांगले होतात, हे मला का सांगावं लागतं? तुमच्या चांगुलपणावर बोलायला सुरतेतलं हे सगळं उधना मोकळं आहे. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तुम्ही नेहमीसारखे मधूनच चपला घालून निघून गेलात. एरवी निदान पानाच्या गादीपर्यंत जाऊन परत यायचात.

भांडण कधी सुरू झालं आठवतं? आपली मनीषा रांगत होती तेव्हा. तुम्ही कापडाच्या कारखान्यात लूम दुरुस्त करायचात आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या घरी जाऊन शिलाई मशिनं. नानपुऱ्यात रोशनबाई म्हणून एक पारशी म्हातारी होती, तिचं मशीन बघायला गेलात. म्हातारी घर आवरून लेकीकडे मुंबईला निघाली होती. खोके बांधलेले, कपाटं उघडी. खिडकीत ही गवळण, एक हात मनगटापासून गेलेला. म्हातारी ती टाकून देणार होती. तुम्ही नुसते बघत उभे राहिलात म्हणून म्हणाली, "लई जा, डीकरा," घेऊन जा म्हणे, आणि वर शिकवण दिली, "पग नीचे जो. मोढुं तो बधानुं सारुं होय. साची वात नीचे लखेली छे." तोंड सगळ्यांचंच चांगलं असतं, खरी गोष्ट पायाखाली लिहिलेली असते, असं तिनं सांगितलं आणि तुम्ही ते गुरुमंत्रासारखं कानात धरून घरी आलात.

तुमच्या हातात वर्तमानपत्राची पुडी बघून मला वाटलं, घारी आणली, ती तुपातली मिठाई. चंदी पडव्याचा सण जवळ आला होता, सगळं सुरत घारी खात होतं, आपल्याही घरात एकदा यावी अशी माझी आशा होती. पुडी सोडली तर आत चिनीमातीची एक गोरी बाई, हातात बादली, दुसरा हात नाहीच.

"यात खायचं काय आहे?" मी विचारलं.

तुम्ही तिला उलटी केली आणि तिचे पाय माझ्या नाकासमोर धरले. "देख. इंग्लंड."

मला तिथं निळ्या शाईचा डाग दिसला आणि काही इंग्रजी अक्षरं. मी तुमच्या हातातून घेऊन तिला सरळ केली आणि तिचं तोंड बघितलं. गाल गुलाबी, ओठ एवढुसे, आणि चेहऱ्यावर भाव असा की दूध सांडलंय आणि आता घरी काय सांगावं याचा विचार चाललाय. मला ती तिथंच आवडली. पण घारीचा राग होता म्हणून मी काही बोलले नाही, आणि मग ते बोलायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून तुम्ही पाय बघणारे आणि मी तोंड बघणारी. तुमचं हे पूर्वीपासूनचंच आहे म्हणा. मला बघायला आलात तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन सगळा वेळ खाली माझ्या पायांकडे बघत बसला होतात. माझी मावशी आत येऊन म्हणाली, मुलगा लाजाळू आहे. पुढं मी तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "पाय देखा. उभी कशी ऱ्हास ते देखं." मी कशी उभी राहते ते बघितलंत म्हणे. बरं झालं बघितलंत. आता उभंच राहायचं आहे.

दर रविवारी चौक बाजाराकडच्या गुजरीत जायचात, जुन्या वस्तूंच्या बाजारात. जुनी पारशी घरं रिकामी होत होती, कुणी मुंबईला, कुणी परदेशी. त्यांच्या कपाटातल्या बाहुल्या त्या बाजारात यायच्या. धड असायच्या त्या काचेच्या दुकानात जायच्या. आपल्या वाट्याला ज्यांचं नाक गेलंय, कान गेलाय, टोपी गेलीय, अशा. तुम्ही सायकलवरून छातीशी धरून आणायचात. दोन नळ्यांतला गोंद एकत्र करून जे सापडलं ते चिकटवायचात. जे सापडलं नाही ते नाही. गवळणीला दुसरा हात करून बसवा, असं मी कितीदा म्हटलं. तुम्ही म्हणायचात, "दुसराना हात तिले कसाले?"

कारखान्यात लोक तुम्हाला बाहुलीवाला म्हणायचे. ढेरपोट्या मिशीवाला माणूस आणि बाहुल्या खेळतो, म्हणून हसायचे. एकदा तुमच्या बरोबरचा एक जण आपल्या घरी चहा पिताना फळीकडे बघून म्हणाला, "मास्तर, हा तर बायकांचा शौक." तुम्ही बशीतला चहा संपवलात आणि सावकाश म्हणालात, "बायका फुटेल कपमा चहा बी पितस. तू बी त्यामाच पी ऱ्हायना." त्यानं हातातला कप बघितला. खरंच टवका उडालेला होता. मला असं हसायला आलं की मी आत निघून गेले.

पण तुमचा तो गुरुमंत्र काही खरा नव्हता हो. तो लांब झग्यातला नाचणारा पुरुष आणलात तेव्हाचं आठवा. खालचं चिन्ह इतकं सुबक की तुम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना उलटा करून दाखवलात. तोंड मात्र मेलं कुठल्याच भावाचं नाही, नुसतं रंगवलेलं. मी म्हटलं, याच्या तोंडावर काही नाही, पायाखाली काय असणार? दुसऱ्या दिवशी त्याच्यावरची धूळ काढायला भांड्याच्या साबणानं घासला, तर इंग्लंड वाहून गेलं. मोरीत निळं पाणी. मी तुम्हाला हाक मारली आणि म्हटलं, या, बघा तुमची साची वात. तुम्ही उकिडवे बसून त्या पाण्याकडे बघत राहिलात आणि शेवटी काय म्हणालात? "साबन भारी शे." पुढच्या रविवारी त्याला गुजरीत परत देऊन आलात, पण हरलो म्हणून नाही म्हणालात. तेवढं एकदा म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? तुमच्याकडून ते ऐकायचं माझं राहिलं.

दादा, म्हणजे तुमचे मोठे भाऊ, पोतं घेऊन आले त्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर त्या पोत्याचा अर्थ कळायचा नाही. तुम्हाला माहीत आहे, पण मला पुन्हा सांगायची आहे. सांगितली की तुम्ही खोलीत असल्यासारखे वाटता.

आई, तुमची आई, गावाहून दिवाळीला आली होती. सकाळी अंघोळ करून देवाला दिवा लावला आणि तिची नजर फळीवर गेली. गोरी बाई, हातात दुधाची बादली. आईला वाटलं, विलायतेत असते तशी यशोदामाय असेल. तिनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, साखरेचा दाणा ठेवला, हात जोडले. तुम्ही उठून बघता तर गवळणीच्या कपाळावर लालभडक टिळा. त्या चिनीमातीवर केसाएवढ्या बारीक चिरा होत्या, त्यात कुंकू शिरलं. तुम्ही लिंबू लावलंत, सोडा लावलात, रॉकेल लावलंत. निघालं नाही ते नाहीच.

आईला हे सगळं कळेना. लेक देवीचं कुंकू का पुसतोय? मग तिला तो हात दिसला.

"हात कोठे शे इना?"

"तुटेल शे."

आईनं दोन्ही हात तोंडावर घेतले. भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये, वाहत्या पाण्यात सोडावी. आणि तिनं तर पूजा केली. "आज ना आज तापीमा सोडी ये," ती म्हणाली. तुम्ही समजावलंत की ही देवी नाही, साधी बाई आहे, गोऱ्यांच्या गावची दूध काढणारी. आई ऐकेना. "मी कुंकू लायं. आते ती देवी व्हई गई."

"आई, कुंकू ते तुले बी लायेल व्हतं," तुम्ही म्हणालात. "तू देवी व्हयनी का?"

मला वाटलं, आता काही खरं नाही. आईचं कपाळ तुमचे वडील गेल्यापासून कोरडं. मग आईनं तुमच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता रडली का, ते मला नीट दिसलं नाही. तुम्ही गवळण परत फळीवर ठेवलीत आणि म्हणालात, "देवी भंगनी ते तिले तापीमा सोडतस. बाई भंगनी ते तिले घरमा जागा देतस."

मी पीठ मळत होते. वर बघितलं नाही. पण ऐकलं.

आणि प्लेगच्या साली? सगळं सुरत तोंडाला रुमाल बांधून स्टेशनकडे पळत होतं. कुणी म्हणे पाण्यात विष आहे, कुणी म्हणे हवेत. आपण कपड्यांची पिशवी, मनीषा आणि पिठाचा डबा घेऊन भुसावळच्या गाडीत घुसलो. डबा तुम्ही मांडीवरून खाली ठेवीनात. मला वाटलं, काय तरी माणूस, पोरीच्या भाकरीची किती काळजी. गावाच्या वेशीवर दादा आडवे आले. गावात येऊ नका, लोक घाबरलेत, मळ्यातल्या खोपीत राहा, म्हणाले. चूल मांडली, डब्यात हात घातला आणि माझ्या हाताला कुणाचं तरी डोकं लागलं. मी किंचाळले. तुम्ही शांतपणे पिठातून एकेकीला बाहेर काढू लागलात. खलाशी, कुत्रा, कोकरूवाली पोरगी, शेवटी गवळण, पांढरी फटक.

"पीठ कुठंय?" मी ओरडले.

"पीठ गावमा बी भेटी. ह्या कोठे भेटतीन?"

मी त्या दिवशी तुम्हाला जे बोलले ते परत घेत नाही. जीव घेऊन पळताना माणूस अन्न घेतो, बाहुल्या घेत नाही. तुम्ही पीठ झटकलंत आणि सगळ्यांना बांधावर उन्हात ओळीनं उभं केलंत. गावानं आपल्याकडे फिरकायचं नाही असं ठरवलं होतं, पण पोरांना कोण अडवणार? आधी पोरं आली, लांबून बघू लागली. मग पोरांना ओढून न्यायला त्यांच्या आया आल्या आणि त्याही तिथंच थांबल्या. "हाई कोन शे वं?" एकीनं मला विचारलं. मी म्हटलं, "गवळन शे, विलायतनी." ती म्हणाली, कुंकू लावते का विलायतेत? त्यावर सगळ्या हसल्या. आपण खोकत नाही, पोरीला ताप नाही, हे त्यांनी त्या हसण्यात बघून घेतलं असावं. संध्याकाळी कुणीतरी दुधाचा तांब्या बांधावर ठेवून गेलं, दुसऱ्या दिवशी दादा स्वतः न्यायला आले. बाहुल्यांनी आपल्याला गावात घेतलं. हेही मी तेव्हा बोलले नाही. आज बोलते, पण म्हणून पिठाचा मुद्दा सोडलेला नाही.

लोक मला विचारतात, आता या कशाला? कामाच्या नाहीत, खायच्या नाहीत, पूजेच्या नाहीत. आपल्यासारख्यांच्या घरात, बाई, विलायती बाहुल्या शोभतात का? मला याचा राग येतो. आपल्यासारख्यांच्या घरात काय शोभतं? स्टोव्ह शोभतो, बादली शोभते, पाठीचं दुखणं शोभतं. तुम्ही उभा जन्म दुसऱ्याची लूम चालू ठेवलीत. मी साड्यांना फॉल लावले, टिकल्या चिकटवल्या. आपल्या दोन खोल्यांत पाय ठेवणाऱ्या प्रत्येक वस्तूला काम करावं लागलं. एक ती फळी सोडून. ती फळी तुम्ही नुसती बघायला ठेवलीत. त्या फळीसाठी मी तुमची जन्मभर उतराई होणार नाही, कारण तुम्ही माझ्याकडून तसं कधी मागितलंच नाही.

आता त्या दिवसाचं सांगते.

तुम्हाला नेल्यावर शेजारच्या बायांनी मला मोरीशी बसवलं. बांगड्या फोडल्या. काचेचा आवाज ऐकून मनीषा आतून धावत आली, तिला वाटलं बाहुली पडली. मग एकीनं ओल्या बोळ्यानं माझं कुंकू पुसलं. एका बोळ्यात गेलं. मी वर बघितलं तर समोर फळीवर गवळण, आणि तिच्या कपाळावर तो टिळा जसाच्या तसा. तुम्ही रॉकेलनं घासलेला. मला रडू यायचं ते थांबलं. मनात म्हटलं, हिचं पुसून दाखवा.

नंतरचे दिवस घरात नुसती माणसं. फळीकडे कुणाचं लक्ष नव्हतं, माझंही नाही. तुम्ही असताना रोज सकाळी दात घासता घासता एकेकीला बोटानं मागं सारायचात, ते सारायला कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंना कारखाने, दिवसभर लूम धडधडतात, भिंत थरथरते आणि त्या थरथरीनं बाहुल्या तसूतसूनं पुढं सरकतात. तुम्ही त्यांच्या पायाखाली लूमवरच्या चिंध्या घातल्या होत्या तरी सरकायच्याच. दहाव्याच्या आदल्या दुपारी दादा पोतं घेऊन आत आले तेव्हा गवळण फळीच्या अगदी कडेला येऊन उभी होती. बादली अर्धी बाहेर.

दादा माझ्याशी बोलत नाहीत, मी त्यांच्याशी बोलत नाही. जेठासमोर पदर घ्यायचा आणि तोंड उघडायचं नाही, ही आपल्याकडची रीत मी लग्न झाल्या दिवसापासून पाळली. म्हणून ते आईशी बोलले, पण मला ऐकू येईल असं.

"देख माय, ती सोता कडले येई लागनी. तिले बी जानं शे." आणि मग, "सकाय नदीवर जानंच शे. भंगेल सामान घरमा ठेवं, म्हनीसन हाई येळ उनी. सगळं सोडी देऊत."

आई भिंतीला टेकून बसली होती. तुम्ही गेल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. दादांनी कुत्रा उचलला आणि पोत्यात ठेवला. मग खलाशी. पोरगी. माणूस वाईट नाही हो तो. त्याचा धाकटा भाऊ गेला होता, आणि कुणावर तरी त्याला राग काढायचा होता. फुटक्या बाहुल्यांवर काढत होता. मला कळत होतं. पण त्याचा हात गवळणीकडे गेला आणि मी उठले.

पदर डोक्यावरच होता. तो मी तसाच राहू दिला आणि तोंड उघडलं.

"दादा, बांगड्या फोड्यात ना? बस झालं. आते ह्या घरमा काही फोडानं नही आनि काही सोडानं नही."

दादा माझ्याकडे नाही, आईकडेच बघत होते. मी गवळण उचलली, बोटानं मागं सारायच्या ऐवजी छातीशी धरली, तुम्ही सायकलवर धरायचात तशी.

"ती कडले उनी ते लूममुये. तुम्हना भाऊ रोज मांगे सारे. देवी भंगनी ते तिले तापीमा सोडतस, हाई त्यास्नं बोलनं शे. हाई देवी नही, बाई शे. मी बी बाईच शे, आनि आते मी बी भंगेल शे. भंगेल घरमा ठेवानं नसी ते पयले माले टाका पोतामा."

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. गल्लीतली माणसं दारात आली. दादांच्या हातात पोतं लोंबत होतं. आणि मग भिंतीकडून आईचा आवाज आला. बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"मंग माले बी टाक," आई म्हणाली. "तुना बाप गया, आते पोऱ्या बी गया. मी बी भंगेलच शे."

जिनं त्या दिवाळीत गवळणीला नदीत सोडायला सांगितलं होतं, तिनं हे म्हटलं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं गवळण माझ्या हातातून घेतली, तिच्या तुटलेल्या मनगटावरून अंगठा फिरवला आणि मांडीवर ठेवून दिली. तुमच्या बाजूनं बोलायला मी एकटी नव्हते, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगते.

दादा खाली बसले, पोत्यातून एकेकीला काढून त्यांनी स्वतःच फळीवर ठेवलं, क्रम चुकीचा लावला, मी नंतर नीट केला. रिकामं पोतं घडी करून काखेत मारलं. तेराव्यानंतर गावी निघताना, सगळ्यांची पिशव्यांची धांदल चाललेली असताना, मी बघितलं, दादांनी जाता जाता कुत्र्याला बोटानं मागं सारलं. कुणाला दिसू नये अशा बेतानं. मला दिसलं.

आणि आता भांडणाचं.

सव्वा महिना उंबरा ओलांडू नये म्हणतात. मी गेल्या रविवारी ओलांडला. मनीषा म्हणाली, "मम्मी, लोको शुं कहेशे?" मी म्हटलं, लोकांना म्हणावं गुजरीत गेली. तुमची सायकल मला चालवता येत नाही, म्हणून रिक्षानं गेले. इतकी वर्षं तुम्ही दर रविवारी गेलात, मला एकदा नाही नेलंत. गर्दी असते, धूळ असते, तुला काय बघायचंय तिथं, म्हणायचात. मला हेच बघायचं होतं. जमिनीवर अंथरलेल्या चादरी, त्यावर कुलपं, घड्याळं, पितळी नळ, कुणाच्या कुणाच्या घरातल्या कपबशा, सगळं उन्हात. तुम्ही एकट्यानं बघितलंत एवढं सगळं. हा एक राग माझ्याकडं अजून ताजा आहे.

तुमचा तो चिनीमातीवाला सलीमभाई मला ओळखत नव्हता. मी गवळणीचं सांगितलं तेव्हा ओळखलं. "मास्टरजी नहीं आए?"

"ते नाही येणार आता," मी म्हटलं. "मी येणार."

तो समजला. त्यानं मांडीखालचं खोकं पुढं ओढलं, त्यातलं गवत बाजूला केलं. तुमच्यासाठी काही काही राखून ठेवलं होतं त्यानं. एक घोडेस्वार होता, घोड्याचा एक पाय नाही. एक कुत्रा, आपल्या कुत्र्याला जोडीदार झाला असता. आणि एक म्हातारी. टोपली घेऊन बसलेली, मासे विकणारी असावी. नाकाचा टवका उडालेला, तोंड उघडं, कुणाला तरी चार गोष्टी सुनावताना मधेच पकडल्यासारखी. मी तिच्याकडे बघितलं आणि मला तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसू आलं.

"अच्छा पीस है बेन, नीचे मारका देखो..." सलीमभाईनं सवयीनं तिला उलटी करायला घेतली. मी त्याचा हात धरला. उलटी मत करो, म्हटलं. मास्टरजी तर पहिल्यांदा खालीच बघायचे, तो म्हणाला. मी म्हटलं, मास्टरजींचं ते होतं. भाव मात्र मी तुमच्यापेक्षा चांगला केला. तुम्ही त्याला किती डोक्यावर चढवून ठेवलं होतं ते मला तिथं कळलं.

घरी आणली, साबणानं धुतली, फक्त वरून. पायाखाली चिंधी घालून गवळणीच्या दुसऱ्या बाजूला बसवली. आई गावी गेली नाही, माझ्याजवळच राहिलीय. तिनं म्हातारीकडे बघून कुंकवाची डबी हातात घेतली होती, मग परत ठेवली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. हाई मन्हासारखी शे." म्हणजे तिच्यासारखी, कोऱ्या कपाळाची. रोज सकाळी मी सगळ्यांना बोटानं मागं सारते. लूम चालू आहेत, त्या काही तुमच्यासाठी थांबल्या नाहीत. म्हातारी सगळ्यात जास्त सरकते. तिचं बूड सपाट नसावं.

पण तिच्या पायाखाली काय आहे ते मला माहीत नाही. इंग्लंड आहे, का साबणानं जाणारं आणखी कुठलं गाव आहे, का काहीच नाही. मी तिला उलटी करून बघितलेली नाही, मनीषालाही बघू दिलेली नाही. तोंड चांगलं आहे, मला तेवढं पुरतं. तुमचं म्हणणं वेगळं असणार. मग असं लांब जाऊन बसू नका. बघायचं असेल तर या.